कालचा नमुना वीस तासांत वाळला, आजचा तीन दिवस का रखडला?

शुक्रवारी संध्याकाळी लायोफिलायझरला, म्हणजे गोठवलेला नमुना व्हॅक्यूममध्ये वाळवणाऱ्या यंत्राला, फ्लास्क लावायचे आणि सोमवारी सकाळी येऊन पांढरी, हलकी, कापसासारखी पावडर काढून घ्यायची, असा हिशेब करून आपण घरी जातो. सोमवारी बघतो तर वर पावडर आणि मध्ये बर्फाचा गड्डा. नशीब आणखी फिरलं असेल तर तळाला चिकट पाक. नमुना तोच, आकारमान तेच, यंत्रही तेच. मागच्या आठवड्यात वीस तासांत उरकलेलं काम या आठवड्यात साठ तास उलटले तरी संपत नाही, आणि महिनाभराने काहीही दुरुस्त न करता सगळं पुन्हा सुरळीत चालायला लागतं. लायोफिलायझर वापरणाऱ्या बहुतेकांनी हा लपंडाव कधी ना कधी खेळलेला असतो.

पहिला संशय हमखास पंपावर जातो. तेल बदललं जातं, सर्व्हिसवाल्याला फोन होतो, तो येतो, रिकामं यंत्र चालवून दाखवतो, दाबाचा आकडा उत्तम येतो आणि तो निघून जातो. माझ्या अनुभवात पंप दोषी असतो, पण फार क्वचित. बहुतेक वेळा घोळ यंत्रात ठेवण्याआधीच झालेला असतो: बर्फाची जाडी, द्रावणातलं मीठ, नळीचं झाकण, गोठवण्याची पद्धत. म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी फ्लास्क बघा.

आत काय अडलंय, उष्णता की वाफ?

यंत्र चालू असताना दोनच व्यवहार चालतात. उष्णता आत येते आणि वाफ बाहेर जाते. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होणं, म्हणजे संप्लवन, हे खर्चिक काम आहे. १ ग्रॅम बर्फाला सुमारे २८४० जूल लागतात. १०० मिली पाणी १० तासांत घालवायचं तर त्या फ्लास्कमध्ये १० तास सलग जवळपास ८ वॅट शिरत राहायला हवेत. आकडा किरकोळ वाटतो, पण उष्णता वाहून आणणारी हवाच आपण पंपाने काढून टाकलेली असते.

आता वाफेची बाजू. तोच १ ग्रॅम बर्फ ०.१ मिलीबार दाबाला वाफ झाला की ११ ते १२ घनमीटर जागा व्यापतो. एका लहान खोलीएवढी. ताशी १० ग्रॅम बर्फ उडत असेल तर ताशी शंभराहून जास्त घनमीटर वाफ झाली, आणि टेबलाखालच्या पंपाची ताकद ताशी पाच-दहा घनमीटरची. म्हणजे वाफ पंप ओढतच नाही. ती कंडेन्सरच्या थंड नळ्यांवर पुन्हा बर्फ होऊन बसते, तिथला बाष्पदाब कमी असतो म्हणून मागची वाफ तिकडे धावते. पंपाचं काम फक्त वाटेतली हवा दूर ठेवणं. एवढं डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो.

यातला कुठला व्यवहार अडलाय ते नमुन्याचं तापमान सांगतं. उष्णता येतेय पण वाफेला वाट नाही, अशा वेळी नमुना गरम होत जातो. मऊ पडतो, फेसाळतो, बुडबुडे येतात, कडा काचेसारख्या चमकतात. उलट वाफेला वाट मोकळी आहे पण उष्णता पोचत नाही, तेव्हा नमुना अगदी शिस्तीत गार राहतो, दिसायला सगळं छान, फक्त काम पुढे सरकत नाही. या दोन्ही आजारांना ‘वाळत नाहीये’ हे एकच नाव मिळतं आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं. मऊ पडणाऱ्या नमुन्याला आणखी गरम केलं तर तो वाहून जाईल. गारठलेल्या नमुन्यासाठी आणखी खोल व्हॅक्यूम लावला तर तो आणखी रखडेल.

मॅनिफोल्डवर, म्हणजे यंत्राच्या अनेक तोंडांच्या नळीवर, फ्लास्क असेल तर बाहेरचा दवबर्फ बघा. आत बर्फ आहे तोवर बाहेरून त्या भागावर पांढरा थर असतो, बर्फ मागे सरकतो तसा तोही सरकतो. नळ्या असतील तर त्याहून सोपी युक्ती आहे. कोरडा झालेला भाग अपारदर्शक पांढरा दिसतो आणि खालचा बर्फ किंचित गडद. या दोघांच्या सीमेवर मार्करने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. दोन तासांनी पुन्हा रेघ. रेघांमधलं अंतर हळूहळू कमी होत जाणं नैसर्गिक आहे, कारण वर साचलेल्या कोरड्या थरातून वाफेला वाट काढावी लागते. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर मात्र काहीतरी अडलं आहे.

नमुना मऊ पडतो, फेसाळतो

इथे पहिला प्रश्न: तो मुळात पूर्ण गोठला होता का? हा प्रश्न विचारला की लोक दुखावतात, कारण नळी उलटी केली तरी काही सांडत नव्हतं. पण दगडासारखं दिसणं आणि गोठणं यात फरक आहे. साध्या मिठाचं द्रावण उणे २१ अंशांच्या खाली गेल्याशिवाय पूर्ण घट्ट होत नाही. त्याच्या वर बर्फाच्या स्फटिकांमध्ये खारं पाणी द्रवरूपात शिल्लक असतं. उणे २० च्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवलेला खारट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) म्हणजे, अगदी अक्षरशः, एका अंशाने हुकलेला नमुना. साखरांचं आणखी अवघड. सुक्रोजच्या द्रावणातला न गोठलेला भाग सुमारे उणे ३२ ला काचेसारखा कडक होतो, ट्रेहॅलोजचा उणे ३० च्या आसपास, ग्लुकोजचा तर उणे ४३ च्या जवळ. वाळताना नमुना या तापमानाच्या दोन-तीन अंश वर गेला की त्याचा सांगाडा कोसळतो, छिद्रं बुजतात आणि आतलं पाणी अडकून पडतं. मग कितीही तास द्या, पाक तो पाकच राहतो.

ग्लिसरॉल असेल तर नादच सोडा. ते स्वतः उडत नाही, पाणी सोडत नाही आणि त्याच्यामुळे कोसळण्याचं तापमान उणे ६० च्याही खाली जातं. एन्झाइमच्या साठवणीच्या बफरमध्ये ते बहुधा असतंच, आणि प्रोटीन वाळवायला देणारा माणूस हे सांगायला बहुधा विसरतो. आधी डायलिसिस करा (पातळ पडद्यातून लहान रेणू बाहेर जाऊ द्या) किंवा मीठ वेगळं करणाऱ्या डीसॉल्टिंग कॉलममधून काढा. मीठ लागणारच असेल तर अमोनियम बायकार्बोनेटसारखं उडून जाणारं वापरा. त्यातून सुटणारा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड साधा कंडेन्सर धरून ठेवत नाही, ते पंपाकडे जातात, म्हणून दाब थोडा वर दिसला तर घाबरू नका.

दुसरा प्रश्न सॉल्व्हेंटचा, म्हणजे द्रावकाचा. एकदा माझ्या समोर एचपीएलसीचे फ्रॅक्शन आले, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून निघालेले भाग. पेप्टाइड (प्रोटीनचा लहान तुकडा), ॲसिटोनायट्राइल आणि पाणी निम्मं-निम्मं. लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर फ्लास्क सुरेख पांढरा झाला. मॅनिफोल्डला लावून वळलो, तर मागून खदखदल्याचा आवाज. अर्ध्या मिनिटात द्रावण उसळून फ्लास्कच्या मानेपर्यंत चढलं होतं आणि रबराच्या व्हॉल्व्हमध्ये पेप्टाइडचा पांढरा फेस. ॲसिटोनायट्राइल उणे ४५ च्या आसपास वितळतं, पाण्यात मिसळलेलं तर त्याहूनही कटकटीचं. लिक्विड नायट्रोजनमधून बाहेर काढल्यावर खोलीच्या हवेत फ्लास्क तेवढा गरम व्हायला वेळ लागत नाही. आणि उणे ५० चा कंडेन्सर ॲसिटोनायट्राइलची वाफ नीट धरत नाही, ती थेट पंपाच्या तेलात. त्या एका दुपारनंतर आठवडाभर सगळ्यांचेच नमुने सुस्त वाळत होते, आणि कारण मी होतो हे मला तेल काढेपर्यंत कळलं नाही. तेल पातळ झालेलं आणि उग्र वासाचं.

मिथेनॉल उणे ९८ ला, इथेनॉल उणे ११४ ला गोठतं. म्हणजे उणे ८५ चा महागडा कंडेन्सरही त्यांना घन करू शकत नाही. असे सॉल्व्हेंट आधी रोटरी इव्हॅपोरेटरवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) किंवा नायट्रोजनच्या झोताखाली घालवायचे, मग पाण्याने विरळ करून उरलेलं प्रमाण पाच-दहा टक्क्यांच्या खाली आणायचं आणि तेव्हा गोठवायचं. विरळ केल्याने पाणी वाढतं हे खरं, तरी वेळ वाचतो. डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, आणखी एक सॉल्व्हेंट) १८ अंशांना गोठतं म्हणून फसू नका. त्याचा बाष्पदाब इतका कमी असतो की ते गोठून तसंच बसतं. यात एक गुणी अपवाद म्हणजे टर्शियरी ब्यूटेनॉल. ते २५ अंशांच्या आसपासच घन होतं, पटकन उडतं आणि पाण्यात थोडं मिसळलं तर लांब सुईसारखे स्फटिक तयार होऊन वाळणं उलट वेगाने होतं.

नमुना निर्दोष असेल तर आता यंत्राकडे वळा. सगळे व्हॉल्व्ह बंद करा, कंडेन्सरवरचा बर्फ काढून तो कोरडा करा, पूर्ण थंड होऊ द्या, मगच पंप लावा. रिकामं यंत्र अर्ध्या तासात ०.१ मिलीबारच्या खाली उतरायला हवं. तुमच्या यंत्राचा नेमका आकडा किती, हे ते धडधाकट असताना लिहून ठेवलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. दोन यंत्रांचे आकडे ताडताना एकक बघायला विसरू नका: गेजवरचे १०० मायक्रॉन म्हणजे ०.१३ मिलीबार. रिकामं यंत्र बरोबर आणि नमुने लावल्यावर बिघडलेलं, तर दोष नमुन्यांत किंवा त्यांच्या संख्येत. रिकामंही उतरत नसेल तर पंप सुटा करून त्याचं तोंड बंद करून मोजा, मग एकेक भाग जोडत जा. कंटाळवाणं आहे, पण अंदाजाने तीन सुटे भाग मागवण्यापेक्षा स्वस्त.

गळती आणि ओलावा यातला फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. पंपाकडची वाट बंद करा आणि दाब कसा चढतो ते बघा. गळती असेल तर तो एकाच गतीने चढत राहतो. आत पाणी असेल तर आधी झपकन चढतो आणि मग मंदावून एका पातळीला टेकतो.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. मॅनिफोल्डचे रबरी व्हॉल्व्ह झिजतात, फ्लास्कच्या टोप्या ताठ होतात, आणि मोठ्या झाकणाचं गॅस्केट धूळ पकडतं. एकदा दोन दिवस आम्ही ०.४ च्या खाली उतरत नव्हतो. शेवटी गॅस्केट काढून त्यावरून बोट फिरवलं तर एका जागी खरखर लागली. डोक्याचा एक केस, ग्रीसमध्ये रुतून आडवा पडलेला. पुसला, अगदी पातळ ग्रीस लावलं, दहा मिनिटांत आकडा जाग्यावर. ग्रीस भरपूर लावलं की घट्ट बसतं हा गैरसमज आहे. जास्तीचं ग्रीस केस आणि टिश्यूचे तंतू गोळा करतं.

तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. पंप गॅस बॅलास्ट (तेलातली वाफ बाहेर काढायला पंपात थोडी हवा घेणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून तासभर चालवा, नाही निवळलं तर बदला. आणि ज्यांची तक्रार ‘एक रन चांगला, पुढचा वाईट’ अशी आलटून-पालटून असते त्यांनी कंडेन्सरचा तळ बघावा. बर्फ वितळवला जातो, नळीचा कॉक उघडून पाणीही काढलं जातं, पण तळाच्या खोबणीत पेलाभर पाणी राहून जातं. पुढच्या रनला कंडेन्सर नीट गार होण्याआधी कोणी पंप लावला की ते पाणी तेलात. फडक्याने पुसून कोरडं करायला दोन मिनिटं लागतात. अर्धा रन झाल्यावर कंडेन्सरच्या नळ्यांवर जाड बर्फ चढला असेल तर तोही अडसरच. बर्फ उष्णता वाईट वाहतो, त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग आतल्या नळीपेक्षा बराच गरम असतो, आणि वाफेला दिसतो तो बाहेरचाच पृष्ठभाग. डिस्प्लेवरचे उणे ५५ हे बहुधा आतले असतात.

झाकणांबद्दल थोडक्यात. पॅराफिल्मला सुईने तीन भोकं पाडून नळी लावणारे पुष्कळ आहेत. आधीचा हिशेब आठवा: ग्रॅमला अकरा-बारा घनमीटर वाफ, आणि तिला सुईची तीन भोकं. पावडर उडू नये म्हणून आवरण हवंच, पण ते सच्छिद्र हवं, टिश्यू किंवा गाळणकागद रबरबँडने बांधलेला. पॅराफिल्मच वापरायची तर वीस-पंचवीस ठसठशीत भोकं पाडा.

नमुना गार आहे, फक्त हलत नाही

ही बाजू जास्त गंमतीची आहे, कारण इथे आपली समजूतच आडवी येते. व्हॅक्यूम जितका खोल तितकं वाळणं जलद, असं सगळ्यांना वाटतं. एका मर्यादेपर्यंत ते खरं. पण नळीचा तळ आणि खालची फळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, आणि त्या फटीतून उष्णता नेण्याचं काम उरलेल्या विरळ वायूचं असतं. दाब ०.०२ मिलीबारवर नेला की तो वायूही गेला. उष्णता कमी, नमुना गार, बर्फाचा बाष्पदाब कमी, वेग कमी. ज्या यंत्रांत दाब ठरवता येतो तिथे तो नमुन्याच्या तापमानाला बर्फाचा जेवढा बाष्पदाब असतो त्याच्या १० ते ३० टक्के ठेवणं शहाणपणाचं. नमुना उणे ३० ला असेल तर बर्फाचा बाष्पदाब ०.३८ मिलीबार, म्हणजे चेंबरमध्ये ०.०४ ते ०.११ पुरेत.

हेच आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. उणे ४० ला बर्फाचा बाष्पदाब ०.१३ मिलीबार, उणे ३० ला ०.३८, उणे २० ला १.०३. म्हणजे नमुन्याला झेपत असेल आणि तो उणे ३० वरून उणे २० ला आणता आला तर वाफेला ढकलणारा जोर जवळजवळ तिप्पट होतो. कंडेन्सरच्या बाजूला उणे ५० ला ०.०४ आणि उणे ८० ला ०.०००५. नमुना उणे २० ला असताना उणे ५० चा कंडेन्सर काढून उणे ८० चा बसवला तर जोर वाढतो जेमतेम चार टक्के. पाण्याचे साधे नमुने लवकर वाळावेत म्हणून थंड कंडेन्सरची मागणी करणाऱ्यांना मी हे चार टक्के नेहमी दाखवतो. सॉल्व्हेंट असतील, किंवा नमुना उणे ४० च्या वर नेताच येत नसेल, तर त्या कंडेन्सरला खरंच अर्थ आहे.

उष्णता देताना फ्लास्क आणि नळी यात मोठा फरक आहे. मॅनिफोल्डवरच्या गोल फ्लास्कला खोलीतली हवा थेट लागते, तिथे उष्णतेची सहसा चणचण नसते. दवबर्फाचा जाड थर चढला तर पुसून काढा, छोटा पंखा लावला तरी वेग सुधारतो. पण आपण करतो काय, रुंद तोंडाच्या मोठ्या फ्लास्कमध्ये दहा-बारा नळ्या कोंबतो आणि फुटू नयेत म्हणून मध्ये टिश्यूचे बोळे घालतो. आता त्या नळ्या सगळ्या बाजूंनी व्हॅक्यूममध्ये आहेत, थर्मासमध्ये असाव्यात तशा. काचेला टेकलेल्या बाहेरच्या नळ्या वाळतात, मधली एक दोन दिवस तशीच राहते. ती मधली नळी कोणाच्या प्रयोगाची, यावरून होणारी भांडणं वेगळीच. थर्माकोलच्या रॅकसकट नळ्या चेंबरमध्ये ठेवणं हा याच चुकीचा सख्खा भाऊ. तारेचा किंवा ॲल्युमिनियमचा रॅक घ्या, नळ्यांची संख्या कमी करा, तळ फळीला टेकू द्या.

आणि जाडी. सगळ्या कारणांचा मुकुटमणी. वाळलेला थर वाढत जातो तसा अडथळा वाढतो, त्यामुळे जाडी दुप्पट केली की वेळ दुपटीवर थांबत नाही, चौपटीकडे झुकतो. एक लिटरच्या गोल फ्लास्कमध्ये १०० मिली द्रावण उभं ठेवून गोठवलं तर तळाला मध्यभागी सुमारे २.४ सेंटीमीटर जाडीचा गोळा होतो. तोच फ्लास्क ड्राय आइस आणि अल्कोहोलच्या भांड्यात तिरका धरून गोल गोल फिरवला, द्रावण आतून निम्म्या काचेवर चढवलं, तर थर होतो ४ मिलिमीटरचा. वाफ निघायला जागा तिप्पट आणि उष्णता यायची वाट सहावा हिस्सा. पाच मिनिटांचं मनगटाचं काम, आणि त्यात एक-दोन दिवस वाचतात. शिवाय बर्फ होताना पाणी नऊ टक्के फुगतं, जाड गोळ्याने तळ तडकण्याचा धोकाही टळतो. फ्लास्क कधीच एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

गोठवण्याची घाई

लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकलं की काम फत्ते, असं वाटतं. पण बर्फाचे स्फटिक निघून गेल्यावर जी भोकं उरतात त्यातूनच पुढची वाफ बाहेर येते. झटक्यात गोठवलं की स्फटिक बारीक, भोकं बारीक, वाळणं सावकाश. हळूहळू गोठवलं की स्फटिक मोठे आणि वाटा रुंद. पेशींची रचना किंवा नाजूक प्रोटीन टिकवायचं असेल तर झटपट गोठवणं भाग आहे आणि जास्तीचा वेळ ही त्याची किंमत. साध्या अर्काला, पॉलिसॅकराइडला किंवा मातीच्या नमुन्याला ती किंमत मोजायचं कारण नाही. झटक्यात गोठवून बसलाच असाल तर तो नमुना काही तास उणे १० ते उणे २० च्या दरम्यान ठेवा. बारीक स्फटिक विरून मोठ्यांत सामावतात. नंतर पुन्हा खाली आणा आणि मगच व्हॅक्यूम लावा.

द्रावण घट्ट असेल तर वर साय धरल्यासारखा दाट थर येतो आणि तोच झाकण बनतो. गोठल्यावर सुईने ओरखडे काढले तर फरक पडतो. वनस्पतींच्या नमुन्यात हे झाकण निसर्गानेच दिलेलं असतं: पानावरचा मेणचट थर, फळाची साल. अख्खं फळ आठवडा घेईल, गोठलेलं असतानाच खलबत्त्यात फोडलेलं एका रात्रीत होईल.

वाळलं हे कशावरून?

बर्फ दिसेनासा झाला म्हणजे संपलं असं नाही. पावडरीला चिकटून राहिलेलं पाणी निघायला नमुना २०-३० अंशांवर ठेवून आणखी काही तास लागतात. यंत्रावर पिरानी गेज (वायू किती उष्णता वाहून नेतो त्यावरून दाब सांगणारा मापक) असेल तर त्याचा एक दोष इथे कामाला येतो. पाण्याच्या वाफेत तो खऱ्या दाबाच्या सुमारे १.६ पट आकडा दाखवतो. शेजारी कपॅसिटन्स गेज (वायू कुठलाही असो, खरा दाब दाखवणारा मापक) असेल तर दोघांतलं अंतर मिटेपर्यंत थांबायचं. वाफ संपली की दोघे एका आकड्यावर येतात. एकच गेज असेल तर वजन करा, परत लावा, चार तासांनी पुन्हा वजन करा. फ्लास्क काढताना हवा सावकाश सोडा आणि लगेच बूच लावा, नाहीतर दोन दिवसांची कमाई खोलीतला ओलावा दहा मिनिटांत खातो. आणि चालू रनमध्ये मध्येच आपला फ्लास्क जोडू नका. तुमच्या फ्लास्कमधली हवा आत शिरते, दाब उडी मारतो आणि शेजाऱ्याचा साखरेचा नमुना त्या दोन मिनिटांत कोसळतो.

महिनाभराने आपोआप ठीक होणाऱ्या त्या सुरुवातीच्या लपंडावाचं उत्तर आम्हाला यंत्राशेजारी टांगलेल्या वहीत मिळालं. सुरुवातीला वहीत फक्त नाव, वेळ आणि दाब होता, त्यातून काही कळत नव्हतं. मग ‘कसं गोठवलं’ असा एक रकाना वाढवला. दोन महिन्यांत चित्र उघडं पडलं. ड्राय आइसचा डबा महिन्याच्या सुरुवातीला यायचा. तो असेपर्यंत सगळे फ्लास्क फिरवून गोठवायचे. तो संपला की लोक ५० मिलीच्या नळीत २० मिली नमुना भरून उणे ८० च्या फ्रीझरमध्ये उभी ठेवायचे, आणि चार सेंटीमीटर खोल बर्फाचा खुंट यंत्रात लावायचे. तेव्हापासून फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात आम्ही एक सपाट ट्रे ठेवला आहे. झाकण घट्ट लावून नळ्या त्यावर आडव्या ठेवायच्या, गोठल्यावर झाकणाजागी टिश्यू बांधायचा. बर्फ पडतो लांबट, खोली जेमतेम एक सेंटीमीटर. ट्रेवर कोणीतरी मार्करने लिहून ठेवलंय: नळी उभी दिसली तर काढून आडवी करावी, कोणाचीही असो.